फिनलंडमधील समान शाळा

फिनलंडच्या शिक्षणाची कीर्ति अलीकडे आपल्याकडेही पुष्कळ ऐकू येते. 'तेथे गृहपाठ नाही, परीक्षा नाहीत' असे अद्भुत वर्णन पालक आमच्यापाशी करितात. वस्तुतः गृहपाठ तेथेही आहे, आणि उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरीस मॅट्रिकसारखी राष्ट्रीय परीक्षाही आहे. तिचा उगम १८५२ सालचा होय. खरे नवल निराळेच आहे.

१८६६ च्या फर्मानाने त्या देशात लोकशाळांचा पाया घातला गेला. त्यांचे प्रणेते ऊनो सिग्नेउस ह्यांनी हस्तव्यवसायास अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. १९२१ मध्ये शिक्षण सक्तीचे झाले. १९४८ पासून मुलांस दुपारचे भोजनही फुकट मिळू लागले. परंतु सर्वांस शाळा मिळाली, तरी सर्वांस एक शाळा मिळाली नव्हती. लोकशाळेत चार इयत्ता झाल्या की सुमारे अकराव्या वर्षी मुले विभागली जात. प्रवेशपरीक्षा देऊन व फी भरून काही विद्यालयात जात. बाकीची लोकशाळेतच राहत. विद्यापीठाची वाट विद्यालयातूनच होती. एवढ्या लहान मुलाच्या बुद्धीची परीक्षा ही पुष्कळदा त्याच्या बापाच्या ऐपतीचीच परीक्षा ठरते, हे जन्मभर खडू हाती धरिलेल्यास कोणी सांगावयास नको.

१९६८ च्या कायद्याने ही विभागणी मोडून सर्वांसाठी नऊ वर्षांची समान शाळा ठरविली. हुशार मुलांचे नुकसान होईल, असा विरोध झालाच. १९७२ मध्ये उत्तरेकडील लॅपलंडपासून आरंभ झाला, व १९७७ मध्ये राजधानी हेलसिंकीची पाळी आली. तथापि गणित व परभाषांच्या तासाला मुलांच्या पायऱ्या पाडण्याची चाल १९८५ पर्यंत टिकली. त्याच दशकांत प्राथमिक शिक्षकासही विद्यापीठाची उच्च पदवी आवश्यक झाली. आम्हां मॅट्रिकवाल्यांस तेथे वर्ग मिळाला नसता!

२००० सालच्या 'पिसा' ह्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात फिनलंड पहिला आला. बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुले निवडणारा जर्मनी सरासरीच्याही खाली राहिला, व तेथे मोठा गहजब झाला. मात्र फिनलंडची ही चढती कमान टिकली नाही. गणितातील २००६ चे ५४८ गुण २०२२ मध्ये ४८४ वर आले. सिंगापूरने त्या वर्षी ५७५ मिळविले. तरीही अकराव्या वर्षी मुले निवडण्याची जुनी पद्धति फिनलंडने पुन्हा आणिली नाही. उलट २०२१ पासून सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा अठराव्या वर्षापर्यंत वाढविली.