ब्लॅकबिअर्डचं भूत कोणी तयार केलं?

मुंडकं उडवलेलं एक धड पाण्यात पडतं आणि जहाजाभोवती पोहत फेऱ्या मारतं. विश्वास बसतो का?

माझा बसला होता. कॉलेजच्या हॉस्टेलवर रात्री दोन वाजता चाच्यांचा गेम खेळताना रूममेटने ही गोष्ट सांगितली होती. लाइट बंद, हातात मोबाईल... घाबरलो होतो राव! नंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की भीती हेच त्या चाच्याचं मुख्य हत्यार होतं.

तो एडवर्ड टीच, म्हणजेच ब्लॅकबिअर्ड. 1724 मध्ये लंडनला चाच्यांवरचं एक पुस्तक आलं. त्यात लिहिलंय की लढाईला जाताना तो टोपीखाली पेटत्या वाती खोचायचा. धुरातून ती काळी दाढी आणि ते डोळे दिसले की समोरच्याला वाटायचं, साक्षात सैतान आला! त्याच पुस्तकात आणखी एक किस्सा आहे. त्याच्या जहाजावर काही दिवस एक माणूस जास्तीचा दिसत होता. कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. मग तो गायब झाला. खलाशी म्हणाले, सैतानच होता तो.

आता गंमत बघा. शेवटच्या लढाईआधी ब्लॅकबिअर्डने स्वतः कुणाला मारल्याची पक्की नोंद मिळत नाही. लोक नुसतं बघूनच शरण जात असतील, तर तलवार चालवायची कशाला?

या 'सैताना'च्या मागे व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्डला पाठवलं. दोन भाड्याची गलबतं, त्यांवर एकही तोफ नाही. 22 नोव्हेंबर 1718 ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ओक्रेकोक बेटाजवळ गाठ पडली. ब्लॅकबिअर्डच्या तोफांनी मेनार्डची बरीच माणसं पाडली. मग मेनार्डने उरलेल्यांना डेकखाली लपवलं. वर जवळजवळ कुणीच दिसेना. ब्लॅकबिअर्डला वाटलं, खेळ संपला. तो उडी मारून गलबतावर आला आणि खालून माणसं बाहेर पडली!

आयुष्यभर दिखाव्यावर जिंकलेला माणूस शेवटी दिखाव्यालाच फसला.

मेनार्डच्या सांगण्यानुसार ब्लॅकबिअर्डला पाच गोळ्या आणि तलवारीचे वीस वार लागले, तेव्हा तो पडला. त्याचं मुंडकं गलबताच्या पुढच्या काठीला टांगलं. पोहणारं धड मात्र दंतकथेतलं.

पण मला खरा काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्याचं प्रसिद्ध जहाज 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' मुळात 'ला काँकॉर्ड' नावाचं फ्रेंच गुलामवाहू जहाज होतं. 1717 मध्ये त्याने ते पकडलं, तेव्हाही त्यावर साखळदंडातले शेकडो आफ्रिकन लोक होते. वाटेत कित्येक जण मेलेही होते. हा धंदा कायदेशीर होता! तो करणाऱ्यांच्या मागे कुठलाच मेनार्ड गेला नाही. त्या माणसांची नावंही आज आपल्याला माहीत नाहीत, आणि दाढीवाल्याचे मात्र गेम निघाले, सिनेमे निघाले.

म्हणून आता भुताची गोष्ट ऐकली की मी स्वतःला विचारतो, या भुताकडे बघताना आपलं लक्ष कुणावरून उडालं?

तुम्हीही विचारून बघा. भेटूया पुढच्या भागात!