दाण्याची आमटी आणि तिची दूरदेशीची भावंडे

उपवासाचे पान हे घरातील परंपरेचे सर्वांत सोवळे अंग होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रोजच्या जेवणात नवे पदार्थ आले, जुने गेले. परंतु एकादशीच्या पानाला पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावला नाही, असे वडीलधारी माणसे अभिमानाने सांगतात. महाजन-घराण्यांत कुळाची वंशावळ जशी जिज्ञासेने धुंडाळली जाते, तशीच या पानातील जिनसांची वंशावळ कोणी धुंडाळली, तर मात्र विस्मय वाटल्यावाचून राहत नाही. बटाटा, रताळे, हिरवी मिरची, राजगिरा, ज्यापासून आजचा साबुदाणा होतो तो कसावा कंद आणि या सर्वांत अग्रपूजेचा मान मिळवणारा भुईमूग, या सहाही वस्तूंचे मूळ अमेरिका खंडात आहे. वऱ्याच्या तांदळावर वाढल्या जाणाऱ्या दाण्याच्या आमटीची कुळकथा त्यांतही विशेष बोधप्रद आहे.

भुईमुगाचे माहेर दक्षिण अमेरिकेत, आजचा बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना यांच्या सीमाप्रदेशात. दोन रानटी जातींच्या संकरातून तेथे हे पीक निर्माण झाले. त्याचे फूल जमिनीच्या वर उमलते; परागसिंचन झाल्यावर एक देठ खाली वाकून मातीत शिरतो आणि शेंग भूगर्भात धरते. पेरू देशातील सिपान येथे १९८७ साली उत्खननात सापडलेल्या मोचे राजपुरुषाच्या कबरीत सोन्याचांदीच्या शेंगा ओवलेला हार मिळाला. यावरून त्या लोकांच्या लेखी या शेंगेची थोरवी केवढी होती हे कळते. ब्राझीलमध्ये राहिलेला पोर्तुगीज लेखक गाब्रियेल सोआरिश द सोझा याने १५८७ च्या आपल्या ग्रंथात भुईमुगाचे वर्णन केले आहे. लावणी आणि काढणी स्त्रियाच करतात, पुरुषांना त्यातले काही कळत नाही, असे तो नमूद करतो. ही नोंद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण या दाण्याचा पुढचा इतिहासही बहुतांशी स्त्रियांच्याच हातून घडला आहे.

ब्राझीलहून पोर्तुगीज नौकांनी हे बी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेले. या नौका व्यापाराच्या होत्या आणि त्या व्यापारातील सर्वांत क्रूर माल मनुष्यप्राणी हा होता. आफ्रिकेतील शेतकऱ्यांना जमिनीखाली शेंग धरणारे एक देशी कडधान्य, म्हणजे बांबारा भुईमूग, पूर्वीपासून ठाऊक होते. त्यामुळे नवे बी परके वाटले नाही. जुन्याची जागा त्याने सहज घेतली आणि रश्शाच्या मडक्यात ते जाऊन बसले. माली देशातील बांबारा भाषेत या रश्शाला ‘तिगा-देगे-ना’ म्हणतात. तिगा म्हणजे शेंगदाणा, देगे म्हणजे वाटण आणि ना म्हणजे कालवण. सेनेगलमध्ये तोच ‘माफे’ या नावाने प्रसिद्ध आहे, तर घानातील आकान लोक आपल्या प्रकाराला ‘न्काटेन्क्वान’, म्हणजे सरळ ‘शेंगदाण्याचे सार’, म्हणतात.

घानातील कृती पाहण्यासारखी आहे. भाजलेल्या दाण्यांचे लोण्यासारखे मऊ वाटण करतात. ते टोमॅटोच्या रसात कालवून मंद आचेवर, तेल सुटेपर्यंत ढवळत शिजवतात. मग कांदा, आले आणि मिरची घालून शिजवलेल्या कोंबडीचे पाणी त्यात थोडे थोडे मिसळतात आणि पुन्हा संथ कढ देतात. वर तेलाचा तांबूस तवंग आला म्हणजे सार झाले. कंद उकडून, कुटून केलेल्या ‘फूफू’च्या गोळ्याबरोबर ते खातात. तवंगाचे कारण उघड आहे. दाण्यात सुमारे निम्मा भाग तेलाचा आणि पाव भाग प्रथिनांचा असतो. वाटताना तेल पाण्यात विखरून राहते आणि रस दुधाळ दिसतो; पुरेशी आच लागली की तेल वेगळे होऊन वर येते. घाई केली तर रस कच्चट लागतो, दुर्लक्ष केले तर तळाला धरतो.

आफ्रिकेतून हेच बी गुलामांच्या जहाजांबरोबर पुन्हा अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत गेले. काँगो-अंगोला प्रदेशातील ‘न्गूबा’ हा शब्द तेथे ‘गूबर’ होऊन आजतागायत टिकून आहे. १८४७ साली चार्ल्स्टन येथील सारा रट्लेज या बाईंनी प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात कुटलेले शेंगदाणे आणि कालवे यांचे सार दिले आहे. पुस्तकावर घरमालकिणीचा हक्क. चुलीपुढे मात्र अशा घरांतून गुलाम स्त्रियाच राबत असत. त्यांची नावे त्या पुस्तकावर छापली गेली नाहीत. गुलाम म्हणूनच जन्मलेले आणि पुढे टस्कीगी येथील संस्थेत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९१६ साली भुईमुगाच्या १०५ पाककृती प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिलीच कृती दूध, लोणी आणि थोडे पीठ घालून केलेल्या शेंगदाण्याच्या साराची आहे. इकडे मूळ माहेरी, बोलिव्हियात, दाणे भाजतच नाहीत; कच्चे भिजवून, सोलून, वाटून ते मांस व बटाटे यांबरोबर पुष्कळ वेळ शिजवतात. त्यामुळे ते सार पांढरट आणि सौम्य होते.

गोमंतकीय वाचकांस सर्वांत जवळची शाखा आहे ती मोझांबिकची. १७५२ पर्यंत त्या वसाहतीचा कारभार गोव्यातून चाले आणि पुढेही कारकून, वैद्य, व्यापारी अशा अनेक नात्यांनी गोवेकर तेथे वस्ती करून राहिले. तेथील ‘कारील द आमेंदोइं’, म्हणजे शेंगदाण्याची कढी, या नावात दोन खंड एकत्र नांदतात. ‘आमेंदोइं’ या शब्दामागे ब्राझीलमधील तुपी भाषेतील नाव आहे, तर ‘कारील’ हा शब्द पोर्तुगीजांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून उचलला. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो आला आहे. ‘मातापा’ या दुसऱ्या पदार्थात कसाव्याची कोवळी पाने कुटून, दाण्याचे कूट आणि नारळाचा रस घालून शिजवतात. किनाऱ्यावर त्यात कोळंबी किंवा कुर्ल्याही पडतात.

हिंदुस्थानात भुईमूग परदेशातून आला, याची साक्ष त्याची नावेच देतात. तमिळ भाषिक त्याला ‘मणिला कोट्टै’, म्हणजे मनिलाची बी, म्हणतात. बंगाली लोक ‘चीनाबादाम’ म्हणतात. मराठीने मात्र त्याला मुगाचे नाव देऊन घरच्याच गोतात घेतले. घाटावर नारळ दुर्मिळ, म्हणून तेथे दाण्याचे कूट भाजी-आमटीचा आधार झाले. कोकण-गोव्यात रोजच्या कालवणात नारळाचे राज्य अबाधित राहिले आणि दाण्याला विशेष मान मिळाला तो उपवासाच्या दिवशी.

चार माणसांच्या आमटीसाठी एक वाटी दाणे मंद आचेवर खमंग भाजून, सोलून, दोन-तीन हिरव्या मिरच्यांसह थोड्या पाण्यात गंधासारखे बारीक वाटावेत. चमचाभर तुपात जिऱ्याची फोडणी करून वाटण घालावे, तीन वाट्या पाणी हळूहळू मिसळावे. उकळी येऊ लागली की तीन-चार आमसुले, सुपारीएवढा गूळ आणि सैंधव घालावे. आच मंद ठेवून दहा मिनिटे ढवळत राहावे. निवताना ही आमटी घट्ट होते, म्हणून प्रथम थोडी पातळच ठेवावी. दाणे निवडताना आळस करू नये. सुरकुतलेला, काळवंडलेला, कडवट वा बुरशी आलेला दाणा टाकूनच द्यावा. १९६० साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले, ते बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. नुसत्या शिजवण्याने ते विष पुरते नाहीसे होत नाही. काही माणसांना दाणा मुळीच सोसत नाही आणि त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून समाराधनेच्या पंगतीत दाण्याचा पदार्थ असेल तर तो आधी सांगून वाढावा.

वनस्पतिशास्त्र भुईमुगाला तूर-हरभऱ्याच्याच कुळात घालते. त्या न्यायाने तो उपवासाला वर्ज्य ठरावयास हवा होता. परंतु निषिद्ध धान्यांच्या याद्या रूढ झाल्या, तेव्हा तो या देशात नव्हताच. त्याला वर्ज्य करणार कोण? पुढे तो आला, पोटाला आधार देणारा ठरला आणि घरोघरच्या गृहिणींनी त्याला पंक्तीत बसवून घेतले. यासाठी कोणाचे निर्णयपत्र निघाले नाही. स्वयंपाकघरातील वहिवाट हेच प्रमाण ठरले.

सोळावे शतक गोमंतकाला स्थलांतराचे गेले. साष्टीतील देवालये उद्ध्वस्त झाली, अनेक देवता भक्तांच्या खांद्यांवरून अंत्रूज महालात आल्या. ज्या सत्तेमुळे हे घडले, तिच्याच नौकांनी अमेरिकेतील बी-बियाणे समुद्रापार पसरवले. त्या सत्तेने केलेली हानी या बियांमुळे भरून निघत नाही आणि बियांचे उपकारही त्या सत्तेच्या नावे मांडण्याचे कारण नाही. ब्राझीलच्या आदिवासी शेतकरी स्त्रिया, आफ्रिकेच्या सुगरणी, अमेरिकेतील अनाम गुलाम स्वयंपाकिणी आणि महाराष्ट्र-गोमंतकातील गृहिणी यांनी या दाण्याला चव आणि पत मिळवून दिली. त्यांची एकमेकींशी कधी ओळख झाली नाही. तरी भाजणे, वाटणे आणि मंद आचेवर धीर धरणे हे बहुतेक चुलींवर सारखेच राहिले. एकादशीची आमटी मूळची येथील नाही, हे कळल्याने तिचे सोवळे उणे होत नाही. मात्र ती वाढताना, आपल्या परंपरेत आणखी कोणाकोणाचे कष्ट मिसळले आहेत याची जाण नव्या पिढीस असावी, एवढे अगत्याचे आहे.