शॉमबर्ग: पार्किंग लॉटभोवती वाढलेले गाव

शॉमबर्गला नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. अपार्टमेंट कुठे घ्यावे? लायसन्स कधी काढावे? आणि गाडीशिवाय चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षे एका शब्दात उत्तर देत होतो: नाही. आता ते उत्तर थोडे बदलू लागले आहे. ते का आणि कुठे, हे सांगण्यासाठी हा लेख.

गाव आधी की गाडी आधी?

पुणे घ्या, नाशिक घ्या, आपल्याकडे गाव आधी वसले आणि गाड्या नंतर आल्या. पेठांतल्या गल्ल्या माणसांच्या आणि टांग्यांच्या मापाच्या, म्हणून तिथे गाडी लावायची म्हणजे जागेसाठी मारामारी. शॉमबर्गचे नेमके उलटे. १९५६ साली हे गाव अधिकृतपणे स्थापन झाले तेव्हा वस्ती होती जेमतेम १३० माणसांची, बाकी सगळी शेती. जवळच ओहेअर विमानतळ, त्यात १९५८ साली नॉर्थवेस्ट टोलवे (आजचा आय-९०) सुरू झाला. १९७१ साली वुडफील्ड मॉल उघडला. 'वुड' हे सिअर्सचे जनरल रॉबर्ट वुड आणि 'फील्ड' म्हणजे मार्शल फील्ड. १९७६ साली मोटोरोलाचे मुख्यालय इथे आले. २००० सालापर्यंत वस्ती ७५ हजारांवर गेली. प्रत्येकाकडे गाडी असणार हे गृहीत धरूनच हे सगळे बांधले गेले.

पार्किंगचा हिशेब

आम्ही पडलो इंजिनिअर, तेव्हा थोडे गणित करू. एक गाडी उभी करायला साधारण ९ बाय १८ फूट, म्हणजे १६२ चौरस फूट जागा लागते. गाडी आत-बाहेर काढायची वाट धरली की हा आकडा सव्वातीनशेच्या आसपास जातो. सबर्बमधल्या ऑफिसांसाठी हजार चौरस फुटांमागे ४ गाड्या असे माप धरले, तर एक लाख चौरस फुटांच्या इमारतीला ४०० गाड्यांची, म्हणजे १ लाख ३० हजार चौरस फूट जागा हवी. म्हणजे जवळजवळ ३ एकर डांबर! इमारत चार मजली असेल, तर तिने स्वतः व्यापलेल्या जमिनीच्या पाचपट.

हे पार्किंग 'फुकट' दिसते, पण त्याची किंमत आपण अंतरात मोजतो. प्रत्येक इमारतीभोवती असे मैदान असले की दोन दुकाने एकमेकांपासून लांब जातात, चालणे अवघड होते, बसला एका थांब्यावर पुरेसे प्रवासी मिळत नाहीत आणि मग आणखी गाड्या लागतात. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ साली फुकट पार्किंगच्या या छुप्या किमतीवर एक जाडजूड पुस्तकच लिहिले.

आता काय बदलते आहे

मोटोरोला सोल्युशन्सने २०१६ साली मुख्यालय शिकागो शहरात नेले. वुडफील्डमधले सिअर्स २०२१ साली बंद झाले. कोविडनंतर घरून काम करणे वाढले आणि ऑफिसांसमोरच्या जागा रिकाम्या दिसू लागल्या. मोटोरोलाच्या जुन्या आवारातल्या सुमारे २२५ एकरांवर 'व्हेरिडियन' नावाने घरे, ऑफिसे आणि दुकाने एकत्र वसवण्याचे काम हाती घेतले गेले.

अशा मिश्र वस्तीत तीच जागा दोनदा वापरता येते: दिवसा ऑफिसवाल्यांच्या गाड्या, रात्री रहिवाशांच्या. यात नवल काही नाही. शाळेच्या सभागृहात शनिवारी गणेशोत्सव करतो तेव्हा आपणही शिक्षकांच्या रिकाम्या जागांवरच गाड्या लावतो!

गाडीशिवाय आज काय शक्य आहे?

शिकागोला जायला मेट्राची मिलवॉकी डिस्ट्रिक्ट वेस्ट लाइन आहे, ती युनियन स्टेशनला पोचवते. वुडफील्डजवळ पेसचे नॉर्थवेस्ट ट्रान्सपोर्टेशन सेंटर आहे, तिथून रोझमाँटच्या ब्लू लाइनकडे बस जाते. २०१६ साली पूर्ण झालेल्या आय-९०च्या रुंदीकरणात आतल्या शोल्डरवरून पेसच्या बस नेण्याची सोय केली गेली. अडचण एकच: मेट्रा स्टेशन आणि वुडफील्ड गावाच्या दोन टोकांना आहेत. स्टेशनपर्यंत पोचायलाच गाडी लागते.

घर बघताना

भाडे आणि शाळा सगळेच बघतात. आम्ही आणखी चार गोष्टी बघायला सुचवू:

१. किराणा दुकानापर्यंत सलग फुटपाथ आहे का? नकाशावर विसंबू नका, स्वतः चालून बघा.
२. मोठा रस्ता ओलांडायला पादचाऱ्यांचा सिग्नल आहे का?
३. बस शनिवार-रविवारी येते का? ताजे वेळापत्रक बघा.
४. भाड्यात किती गाड्यांची जागा मिळते, आणि रात्री व बर्फात रस्त्यावर गाडी लावण्याचे नियम काय आहेत?

ही यादी आम्हाला सुचली ती बाबांमुळे. ते डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. तिथे रोज सकाळी स्वतः दूध आणि पेपर आणणारा माणूस. इथे आमच्या खिडकीतून दुकान दिसत होते, पण मध्ये सहा लेनचा रस्ता आणि अर्ध्यातच संपणारा फुटपाथ. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "दुकान दिसतं रे, पण जाता येत नाही. तू येईपर्यंत मी नुसता बसून असतो."

पुढचे घर आम्ही फुटपाथ बघून घेतले. भाडे थोडे जास्त पडले आणि गाडीला जागा एकच मिळाली. पण पुढच्या खेपेला बाबा आले तेव्हा दूध तेच आणत होते.

आपल्याकडेही कोणी आई-वडील येणार असतील, किंवा ज्यांना अजून गाडी चालवता येत नाही असे कोणी घरात असेल, तर घराच्या करारावर सही करण्याआधी एकदा दुकानापर्यंत पायी जाऊन या. शक्यतो जानेवारीत!