युरोपचा चित्रपट आणि आपले ऋण

चित्रपटाचा, आणि तोही युरोपातील चित्रपटाचा, इतिहास भिंगारच्या श्रोत्यांपुढे कशासाठी मांडावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. भिंगार हे लष्करी छावणीच्या कडेला वसलेले गाव. येथल्या लोकांना युरोप ठाऊक झाला तो गोऱ्या पलटणींमुळे आणि नगरला आणून ठेवलेल्या कैद्यांमुळे. प्रथम बोअर युद्धातील, मग १९१४ च्या महायुद्धातील. परंतु आजच्या विषयाचा एक धागा याच छावणीपर्यंत येऊन पोहोचतो. तो उलगडून दाखविण्यासाठी आम्हांस थोडे मागे जावे लागेल.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्यूमिएर बंधूंनी तिकीट लावून आपला खेळ केला. त्यानंतर पुरते सात महिनेही लोटले नाहीत, तोच ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन दाखल झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी इंग्लंडहून यंत्र मागविले आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून मायदेशी परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. यंत्र परक्याचे होते, पण त्यात उमटले ते आपले मल्ल आणि आपला रँग्लर. या पहिल्या पावलातच पुढील साऱ्या इतिहासाची खूण आहे, असे आम्हांस वाटते.

दादासाहेब फाळके यांनी हीच वाट अधिक धैर्याने चालून दाखविली. ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट मुंबईत पाहताना त्यांच्या मनापुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे हेपवर्थ यांच्या स्टुडिओत कामाची रीत पाहिली, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला. फ्रान्सने आपणांस हे नवल दाखविले आणि इंग्लंडने यंत्र दिले, असे थोडक्यात म्हणता येईल.

जर्मनीकडून जे मिळाले ते मात्र अधिक सूक्ष्म होते. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या त्या देशात १९२० मध्ये रॉबर्ट वीने यांचा ‘डॉक्टर कॅलिगारी’ निघाला, १९२२ मध्ये मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ आणि १९२७ मध्ये फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’. उजेड आणि सावली ही केवळ दिसण्याची साधने नसून माणसाच्या मनाची भाषा होऊ शकतात, हे या मंडळींनी सिद्ध केले. भिंतीवर पडलेली एक लांब छाया पात्राच्या दहा वाक्यांहून अधिक सांगून जाते.

ही विद्या आपल्याकडे दोन वाटांनी आली. पहिली वाट पुण्याची. प्रभातचे व्ही. शांताराम ‘सैरंध्री’ रंगीत करून घेण्यासाठी १९३३ मध्ये जर्मनीस गेले. रंग काही मनासारखे साधले नाहीत. परंतु तेथे जे पाहिले त्याचे फळ १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये दिसले. पडदाभर पसरलेला राजगुरूचा तो एक डोळा ज्यांनी पाहिला, ते त्याला विसरले नाहीत.

दुसरी वाट मुंबईजवळच्या मालाडची. हिमांशु राय यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीबरोबर १९२५ मध्ये बुद्धचरित्रावरील ‘प्रेम संन्यास’ काढला. दिग्दर्शनात त्यांच्या जोडीला फ्रान्झ ऑस्टेन होते, आणि कॅमेऱ्यापाशी योसेफ विर्शिंग. १९३४ मध्ये रायसाहेबांनी बॉम्बे टॉकीज स्थापली तेव्हा हे दोघेही मालाडला आले. ऑस्टेन यांना हिंदुस्थानी येत नव्हती, तरी १९३६ चा ‘अछूत कन्या’ त्यांनीच दिग्दर्शित केला. ब्राह्मण तरुण आणि रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी यांची ती कथा. आपल्या घरातले दुखणे परदेशी हातांनी पडद्यावर मांडले, आणि ते आपल्याच लोकांनी डोळे पुसत पाहिले.

यावर कोणी म्हणेल, ही तर उसनवारी झाली. या आक्षेपाला प्रभातनेच उत्तर देऊन ठेवले आहे. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला. त्यात जर्मन छायांचा थाट नाही. विष्णुपंत पागनीस यांचा निर्मळ चेहरा आणि देहूचे साधे जीवन एवढ्यावरच सारी भिस्त आहे. हाच चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. शिकलेली विद्या कोठे वापरावी आणि कोठे बाजूला ठेवावी, याचा विवेक ज्याच्यापाशी आहे त्याला उसनवार म्हणता येत नाही. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये तर प्रभातने बॉम्बे टॉकीजच्या गोडगोड प्रेमप्रसंगांची थट्टाही उडविली. त्यातील पोलीस शिपाई गणपत झालेले शाहू मोडक हे जन्माने नगरचे, हे येथे अभिमानाने सांगावयास हरकत नाही.

त्याच १९३९ च्या सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले आणि हिंदुस्थानातील जर्मनांची धरपकड झाली. त्यांना ज्या मध्यवर्ती छावणीत प्रथम आणले ती नगरची. पुढे तिबेटच्या प्रवासामुळे प्रसिद्ध झालेले हाइनरिश हारर हेही आधी येथे होते. बॉम्बे टॉकीजचे जर्मन या धरपकडीतून सुटले नाहीत. ऑस्टेन हे १९३६ पासून नाझी पक्षाचे सभासद होते, हेही लपविण्याचे कारण नाही. कलावंताच्या हातातील गुण आणि त्याच्या राजकारणातील दोष ही दोन्ही इतिहासाने एकाच पानावर लिहिली पाहिजेत.

मे १९४० मध्ये हिमांशु राय वारले. आता मालाडचा दिवा विझणार, असे वाटण्याजोगीच परिस्थिती होती. तसे घडले नाही. विर्शिंग यांच्या हाताखाली शिकलेले आर. डी. परीन्जा कॅमेऱ्यामागे उभे राहिले, आणि त्यांनी चित्रित केलेला १९४३ चा ‘किस्मत’ कलकत्त्याच्या एकाच चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. सरकारने माणसे कोंडली, विद्या कोंडता आली नाही. युद्ध संपल्यावर विर्शिंग पुन्हा याच देशात कामाला लागले. १९४९ च्या ‘महल’मधील त्या झुलत्या सावल्या त्यांच्याच. १९६७ मध्ये ते मुंबईत वारले, तेव्हा ‘पाकीजा’ अपुरा होता. तो १९७२ मध्ये प्रकाशात आला.

इटलीचा धडा याच्या उलट. युद्धात होरपळलेल्या त्या देशात रोसेलिनी आणि डी सिका कॅमेरा घेऊन थेट रस्त्यावर आले. डी सिका यांचा १९४८ चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला, आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मधील शेतकरी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढताना दिसला. सायकल रोमची होती, पण गेलेली जमीन आपली.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. येथून तीन तासांच्या वाटेवर देशोदेशींचे हे धन जतन केलेले आहे. ते पाहताना आपण कोणाची नक्कल केली हे शोधण्यापेक्षा, घेतलेल्याचे आपण काय केले हे विचारावे. घेण्यात कमीपणा नाही. घेतलेले आपल्या मातीत रुजवून वाढविले, की ऋण फिटते. आणि ज्याने दिले त्याचे नाव घेतले, की ते शोभते.