पुरानी बस्तीतले स्वस्त घर

बिंबाजी भोसल्यांनी १७५८ मध्ये छत्तीसगडचा कारभार हाती घेतला आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, एवढे तुम्ही वाचले असेल. पण रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीत बेताच्या पैशांत संसार कसा मांडला जाई, हे सनावळीतून कळत नाही.

मातीच्या जाड भिंती, वर खपरा म्हणजे कौले, आत अंगण आणि त्याला लागून परछी. परछी म्हणजे आपली ओसरी समजा. पाहुणा तिथेच बसे, धान्य तिथेच निवडले जाई, उन्हाळ्यात खाटही तिथेच पडे. वेगळ्या बैठकीचा खर्च वाचे. जाड भिंत ऊन उशिरा आत सोडते, म्हणून मे महिन्यातली दुपारही सुसह्य होई.

तरीही ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरा. पावसाळ्याआधी कौले शाकारावी लागत. भिंतींना छुही ही पांढरी माती आणि जमिनीला शेणाचे सारवण, हे काम घरातल्या बायकांचे. त्याची मजुरी कोणत्याच हिशोबात धरली जात नसे. सिमेंटचे छत महाग आणि तापणारे असूनही लोकांनी का पसंत केले, याचे उत्तर लिहिताना हे श्रमही मोजा.