सुवाळीची वाळू आणि नगरहवेलीची माती

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याकडे हजीऱ्याला जाण्याचा योग आला. आमच्या नवापूरचे रेल्वे स्टेशनच निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत. त्यामुळे सुरतेची गाडी पकडताना परप्रांतात चाललो आहोत असे आम्हाला कधी वाटत नाही. हजीऱ्याला खताचे, पोलादाचे अवाढव्य कारखाने. संध्याकाळी पुतण्याने शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर नेले. माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

नोव्हेंबर १६१२ मध्ये थॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाने याच समुद्रात पोर्तुगीजांचा पराभव केला, हे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु त्या पोर्तुगीज जहाजांचा धनी तेव्हा स्पेनचा राजा होता, हे सांगायचे राहून जाते. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्या मस्तकी होता. धनी बदलला तरी किनाऱ्यावरच्या माणसाचे भोग बदलले नाहीत. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना नसला की इथल्या व्यापाऱ्याचे गलबत भर समुद्रात जप्त होई. समुद्र आपला, परवाना परक्याचा!

१६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले. मात्र स्वतः स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राला गोवा, दमण, वसई मोकळी करावी असे वाटले नाही. पारतंत्र्य भोगलेला माणूस दुसऱ्याचे पारतंत्र्य ओळखतोच, असे नाही.

पण दोष केवळ पोर्तुगीजांना देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. वसई जिंकणाऱ्या मराठ्यांनीच पुढे १७७९ च्या तहान्वये पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख देण्याचे कबूल केले आणि १७८३ च्या सुमारास नगरहवेलीची गावे त्यांच्या हाती गेली. मराठी आरमाराने त्यांच्या 'संताना' जहाजाचे नुकसान केले होते, त्याची ही भरपाई. तिथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना कोणी विचारले? कागदावर फक्त वसुलाचा आकडा होता.

पुढे पावणेदोनशे वर्षांनी या चुकीचे परिमार्जन करायलाही मराठी माणसे धावली. जुलै १९५४ मध्ये दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावे वाचकांना ठाऊक आहेत. पण १९४५ पासून गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली शेजारच्या डहाणू-तलासरीकडे वेठबिगारीविरुद्ध उभे राहिलेले वारलीही या लढ्यात होते, त्यांची नावे पाठ्यपुस्तकात नाहीत. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा हक्क त्याला नाकारला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला.

पण झेंडा बदलला त्या दिवशी जमीन बदलली नाही. पोर्तुगीजांनी 'अल्वारा' पद्धतीने मोठमोठ्या जमिनी मोजक्या लोकांना दिल्या होत्या. त्या मोडून काढण्यासाठी जमीन सुधारणेचा कायदा व्हायला १९७१ उजाडले. सिल्वासाच्या मुक्तीनंतर सतरा वर्षांनी!

सुट्टीनंतर दहावीच्या वर्गात मी हे सारे सांगितले. आमच्याकडे निम्मी मुले आदिवासी. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, म्हणजे गावं देताना विचारलं नाही, आणि सोडवल्यावरही जमीन लगेच दिली नाही?"

तीस वर्षे इतिहास शिकवतो आहे. पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरे मला पाठ आहेत. त्याला मात्र मी "होय, बाळ" एवढेच म्हणालो आणि खडू खाली ठेवला. आम्हा सीमेवरच्या माणसांना नकाशावरच्या रेघांचे फार कौतुक असते. रेघ कुठून गेली याबरोबरच, त्या रेघेआत जमीन कसणाऱ्याला काय मिळाले हेही विचारायला त्या मुलाने मला शिकवले.