हाताला मानवणारी रॅकेट

लॉन टेनिसच्या नियमावलीत सन १९७८ पर्यंत रॅकेट म्हणजे काय, हे कोठेही सांगितलेले नव्हते. क्रीडांगणाची लांबीरुंदी, मधल्या जाळ्याची उंची, चेंडूचे वजन या साऱ्यांचे काटेकोर नियम होते. पण खेळाडूने हातात काय धरावे याविषयी नियमकर्ते मौन बाळगून होते. विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली भरली. तेव्हापासून शंभर वर्षे ही मोकळीक होती, आणि आश्चर्य असे की, तिचा फायदा फारच थोड्यांनी घेतला. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून वाकविलेली चौकट, जनावराच्या आतड्याच्या तातीची वीण, पासष्ट-सत्तर चौरस इंचांची जाळी आणि तेरा-चौदा औंस वजन, अशीच रॅकेट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दमट हवेत ती पीळ खाऊ नये म्हणून खेळ संपताच चार स्क्रूंच्या लाकडी साच्यात आवळून ठेवावी लागे.

त्या काळी रॅकेट निवडणे म्हणजे वजन, तोल आणि मुठीचा घेर पाहणे. एवढ्यावर खेळाडूचे आयुष्य निघे. लाकडी चौकट चेंडूला फारसा वेग देत नसे. तो मनगटातून आणि पावलांतून आणावा लागे. मात्र चेंडू हळुवारपणे हव्या त्या जागी ठेवू पाहणाऱ्याला ती फार प्रामाणिक साथ देई. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले, ते जोरकस सर्व्हिसच्या बळावर नव्हे, तर अशा हळुवार हाताच्या बळावर. लाकडाची रॅकेट जणू त्यांच्याच खेळासाठी घडविलेली होती.

लाकडाची सद्दी मोडू पाहणारा पहिला मोठा माणूस स्वतः विंबल्डनचा विजेता होता. फ्रान्सच्या रने लाकोस्त यांनी १९२५ आणि १९२८ साली ते अजिंक्यपद मिळविले होते. त्यांनी १९५३ साली पोलादी नळीच्या रॅकेटची कल्पना पेटंट केली, आणि १९६७ साली अमेरिकेतील विल्सन कंपनीने तिच्यावरून ‘टी २०००’ ही रॅकेट बाजारात आणली. तिची तात थेट चौकटीत न ओवता चौकटीभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांत अडकविलेली असे. त्यामुळे चेंडू जाळीवरून उसळून जाई. पुष्कळांना तो आवरेना आणि त्यांनी ती टाकून दिली. जिमी कॉनर्सला मात्र नेमके तेच हवे होते. त्याचे फटके सपाट, चेंडू वर चढताच घेतलेले. चेंडूला फिरकी देऊन तो खाली आणण्याची त्याला गरजच नव्हती. १९७४ साली त्याने विंबल्डन जिंकले ते या पोलादी रॅकेटने, आणि आठ वर्षांनी १९८२ साली पुन्हा जिंकले तेही तिनेच. इतरांचा वैताग ती याची ताकद ठरली.

खरी क्रांती घडविली ती एका सामान्य खेळाडूने. हॉवर्ड हेड हे धातूच्या स्की बनवून श्रीमंत झालेले अमेरिकन अभियंते. निवृत्तीनंतर ते टेनिस शिकू लागले आणि त्यांच्या ध्यानात आले की, चेंडू जाळीच्या मध्यापासून जरा बाजूला लागला की रॅकेट हातात वळते. चौकट रुंद केल्यास हे वळणे पुष्कळ कमी होईल, असा त्यांनी हिशेब केला. १९७६ साली त्यांना पेटंट मिळाले आणि प्रिन्स कंपनीची सुमारे ११० चौरस इंचांची रॅकेट अवतरली. जाणकार हसले. पण १९७८ साली पॅम श्रायव्हर ही सोळा वर्षांची मुलगी तीच घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली, तेव्हा ते हसू मावळू लागले. दरम्यान १९७७ साली दुहेरी तातीच्या एका विचित्र रॅकेटने चेंडूला अशी फिरकी दिली की, मातीवर सलग ५३ सामने जिंकलेला गिलेर्मो विलास नास्तासेविरुद्ध दोन सेट गमावून मैदान सोडून गेला. नियमकर्त्यांना जाग आली ती तेव्हा.

या पालटाची सर्वांत करुण कथा ब्यर्न बोर्गची आहे. १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे त्याने विंबल्डन जिंकले ते जड लाकडी रॅकेटने. तिची तात तो सुमारे ऐंशी पौंडांच्या ताणावर ओढून घेई. रात्री खोलीत पडल्यापडल्या ती आपोआप तुटे. वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. एप्रिल १९९१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो माँटे कार्लो येथे परतला, तेव्हा साऱ्या जगाने ग्रॅफाइट स्वीकारले होते आणि याच्या हातात लाकूडच होते. जॉर्डी अरेसेने त्याला ६-२, ६-३ असे हरविले. पुढे बोर्गने ग्रॅफाइटची रॅकेट घेतली, तरी एकही सामना त्याला जिंकता आला नाही. सगळा दोष लाकडाच्या माथी मारणे तेव्हा सोपे असले, तरी बरोबर नव्हते.

रॉजर फेडररची गोष्ट याच्या नेमकी उलट. ९० चौरस इंचांच्या रॅकेटने त्याने सतरा मोठी अजिंक्यपदे मिळविली होती. पण नादालचा उंच उसळणारा चेंडू त्याच्या एकहाती बॅकहँडवर आला की, त्या लहान जाळीत तो नीट सापडत नसे. १९१३ साली नव्हे, २०१३ साली, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, पाठ दुखत असताना त्याने ९८ चौरस इंचांची रॅकेट घेऊन पाहिली. हँबुर्ग आणि ग्श्टाड येथे नवख्यांकडून हार पत्करली आणि जुन्याच रॅकेटकडे तो परतला. अमेरिकन स्पर्धेतही चौथ्या फेरीत तो गारद झाला. विजेत्याला आपले हत्यार टाकून देणे किती जड जात असेल, ते या फेऱ्यांवरून कळते. २०१४ च्या आरंभी त्याने ९७ चौरस इंचांची रॅकेट कायमची स्वीकारली. त्यानंतरही तीन वर्षे मोठे अजिंक्यपद हाती आले नाही. जानेवारी २०१७ मध्ये मेलबर्नच्या अंतिम सामन्यात, पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असताना, नादालच्या त्याच उसळत्या चेंडूंवर त्याचा बॅकहँड सपासप चालू लागला. पुढचे पाचही गेम त्याने जिंकले. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.